लोखंडी नांगर की लाकडी? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आणि डिझाइन टेस्टिंगचा धडा



तुमच्या फोनमधलं एखादं ॲप अपडेट होतं आणि बटनाची जागा बदलते. मित्राच्या फोनमध्ये मात्र बटन जुन्याच जागी असतं. अशा वेळी आपला फोन बिघडलाय असं वाटतं, पण बऱ्याचदा तसं नसतं. कंपनीने दोन डिझाइन बनवलेली असतात, एक तुम्हाला दिलेलं असतं आणि दुसरं तुमच्या मित्राला. दोघांपैकी कोण ते जास्त वापरतं हे बघून पुढचं ठरतं. याला ए/बी टेस्टिंग म्हणतात.

आज मी तुम्हाला हे टेस्टिंग समजावून सांगणार आहे, पण एका माणसाच्या आयुष्यातून. हा माणूस १९५६ साली गेला, त्याने स्मार्टफोन बघितला नाही. तरी युजर नवं डिझाइन का नाकारतो, हे त्याच्याइतकं महागात फार थोडे लोक शिकले असतील. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

त्यांच्याकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो, कारण सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून आहे.

तळेघरमध्ये माझी टेस्ट कशी फसली

मी आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरचा. मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरला जाताना रस्त्यावर आमचं गाव लागतं. डोंगर, धो धो पाऊस, भाताची खाचरं आणि जंगलातला हिरडा. बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि विकायचा, यावर इकडच्या कितीतरी घरांचा वर्षाचा वरखर्च चालतो.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी छोटं ॲप बनवत होतो. त्यात हिरड्याचा आणि भाताचा भाव दिसणार होता. मी दोन डिझाइन तयार केली. पहिलं अगदी साधं होतं, फक्त अक्षरं आणि आकडे. दुसऱ्यात मोठे फोटो होते. भाव वाढला तर हिरवी पट्टी आणि पडला तर लाल पट्टी.

एसटीच्या थांब्यावर उभा राहून मी बारा जणांना दोन्ही डिझाइन फोनवर दाखवली आणि कुठलं आवडलं ते विचारलं. दहा जणांनी फोटोवालं सांगितलं. मी खूश झालो. झाली की टेस्ट! तेच बनवून टाकलं.

हंगाम आला. आमच्याकडे मोबाईलला रेंज जागा बघून येते. फोटोवालं पान अर्धवट उघडायचं आणि वर जुनाच भाव दिसत राहायचा. शेजारच्या एका मावशीने तोच जुना भाव खरा धरला आणि दोन पोती हिरडा कमी पैशाला देऊन टाकला. तिने मला एक शब्दही सुनावला नाही. पण त्यानंतर तिने ते ॲप पुन्हा उघडलं नाही, आणि हळूहळू वाडीतल्या कुणीच उघडलं नाही. वर एका मामांना तर लाल आणि हिरव्या पट्टीतला फरकच कळत नव्हता. त्यांना दोन्ही मातकट दिसायच्या.

बारातल्या दहा जणांनी पसंत केलेलं डिझाइन नापास कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आमच्या आज्याचा नांगर आठवला.

आमच्या घराच्या पडवीत एक लाकडी नांगर अजून टांगलेला आहे. आजा शेवटपर्यंत तोच वापरायचा. लोखंडी नांगर बाजारात मिळत होता, परवडतही होता. लहानपणी मला वाटायचं आजा जुन्या वळणाचा आहे, म्हणून ऐकत नाही. मग लोखंडी नांगराची गोष्ट वाचायला घेतली आणि त्यातून लक्ष्मणराव भेटले.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातलं. घरात वेदान्ताचं वातावरण, पण या मुलाचं मन पुस्तकापेक्षा चित्रात आणि यंत्रात रमायचं. शाळा सोडून ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले.

दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा केवढा मोठा धक्का असेल! पण त्यांनी हात टेकले नाहीत. रंग जमत नाहीत, पण रेषा तर जमते. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. त्यात इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले.

इथे डिझाइन शिकणाऱ्यांसाठी एक सरळ मुद्दा आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्या आजूबाजूला असतातच. बायकांपेक्षा पुरुषांमध्ये हे बरंच जास्त आढळतं. त्यातल्या अनेकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. म्हणून नुसत्या रंगावर कधीच अर्थ सोडायचा नाही. लाल-हिरव्यासोबत वरचा-खालचा बाण द्या, नाहीतर वाढला किंवा घटला असा शब्द लिहा. माझ्या ॲपमध्ये हे मी केलं असतं तर मामांना ते वाचता आलं असतं. मी ज्यांना विचारलं त्या बारा जणांत मामा नव्हते. टेस्टसाठी कुणाला निवडता, यावर अर्धा निकाल तिथेच ठरतो.

सायकलचं दुकान आणि शिकवणी

लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत होते तेव्हाच त्यांचे मोठे बंधू रामूअण्णा बेळगावात होते. १८८८ साली दोघांनी मिळून सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. दुकानाचं नाव होतं किर्लोस्कर ब्रदर्स.

तेव्हा सायकल ही बहुतेकांसाठी नवीच वस्तू होती. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हेच लोकांना कळेना. म्हणून रामूअण्णा सायकल विकायचेच, पण चालवायलाही शिकवायचे.

आज नवीन ॲप उघडलं की इथे दाबा, इथून सुरू करा असं बोट धरून सांगतात, त्याचंच हे जुनं रूप. सायकल आवडली का, असं नुसतं दुकानात विचारून काही कळलं नसतं. सीटवर बसून दहा पावलं पुढे गेल्यावरच माणसाला कळतं की ही आपल्याला जमेल की नाही.

पुढे मुंबईच्या नोकरीत एक बढती आली. ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, पण मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे त्यांनी छोटा कारखाना टाकला. सुरुवात कडबा कापायच्या यंत्राने झाली. १९०३ च्या सुमारास त्यांनी पहिला लोखंडी नांगर बनवला.

दोन डिझाइन समोरासमोर

आता या गोष्टीचा खरा गाभा. शेतकऱ्यापुढे दोन पर्याय होते.

पहिला पर्याय, परंपरेचा लाकडी नांगर. बाभळीसारख्या चिवट लाकडाचा, टोकाला लोखंडी फाळ. तो माती चिरत जातो, पण पलटी करत नाही. दोन तासांच्या मध्ये थोडी माती न हललेली राहते, म्हणून पुन्हा आडवी नांगरट करावी लागते. पण वजनाला हलका असतो. एका बैलजोडीवर चालतो. मोडला तर गावातला सुतार नीट करून देतो, फाळ बोथट झाला तर लोहार धार लावतो, आणि त्यांचा मोबदला बलुत्यात धान्याने द्यायचा. रोख पैसा लागत नाही.

दुसरा पर्याय, लोखंडी नांगर. तो खोल जातो आणि माती उलटी करून टाकतो. हरळी, कुंदा असलं मुळापासून पसरणारं तण उपटून वर येतं आणि उन्हात वाळून मरतं. काळ्या भारी जमिनीत याचा फायदा मोठा. पण वजन जास्त, ओढायला जास्त बैल लागतात, आणि किंमत रोखीत मोजायची.

लक्ष्मणरावांच्या नजरेतून बघितलं तर निकाल उघड होता, आपला नांगर जास्त चांगलं काम करतो. पण शेतकरी घेईनात. लोखंड जमिनीत खोल गेलं की जमिनीत विष पसरतं आणि ती नासते, अशी समजूत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! विचार करा. तुम्ही ॲप बनवलं, प्ले स्टोअरवर टाकलं आणि दोन वर्षं एकही डाऊनलोड नाही. पोटाला चिमटा घेऊन कारखाना चालवायचा, भांडवल अडकून पडलेलं, आणि माल अंगणात गंजतोय. बरेच जण तिथेच शटर खाली ओढतील.

विषाची भीती ही खरंच अंधश्रद्धा होती का?

इथे मला स्वतःला काय वाटतं ते सांगतो. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात की शेतकरी अडाणी होते आणि लक्ष्मणरावांनी त्यांना सुधारलं. लोखंडाने जमीन विषारी होत नाही हे खरंच आहे. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असायचा की! मग भीती नेमकी कशाची होती?

शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. एक हंगाम चुकला तर घर वर्षभर उपाशी. वर सावकाराचं देणं. नवा नांगर वापरून बघायचा म्हणजे अख्ख्या वर्षाचं पीक डावाला लावायचं. तो मोडला तर गावातल्या सुताराला दुरुस्त करता येणार नाही, सुटा भाग आणायला बेळगाव गाठावं लागणार. एवढे बैल आणायचे कुठून? खोलवरची माती वर आली आणि त्या वर्षी पीक कमी आलं तर? ही सगळी भीती एका वाक्यात सांगायची तर माणूस काय म्हणेल? हे आमच्या जमिनीला मानवणार नाही, एवढंच म्हणेल.

डिझाइन टेस्टिंगमधला हा मोठा धडा आहे. युजर जे कारण सांगतो ते कधी कधी चुकीचं असतं, पण त्याची अडचण मात्र खरी असते. कारणावर हसून पुढे गेलात तर अडचण हातातून निसटते.

कडबा कापायच्या यंत्राशी तुलना करून बघा. ते गोठ्यात ठेवून पाच मिनिटं फिरवलं तरी कळतं की काम होतंय की नाही. नाही पटलं तर काही बिघडत नाही. नांगराची परीक्षा मात्र हंगामभर चालते आणि नापास झाला तर किंमत शेतकऱ्याने मोजायची. जी वस्तू तपासून बघायलाच धोका आहे, ती माणूस नाकारतो.

आणि आमचा आजा? त्याची खाचरं डोंगरउतारावर, एकेक बैठकीच्या खोलीएवढी. चिखलणीच्या वेळी नांगर उचलून बांधावरून पलीकडच्या खाचरात न्यायचा. तिथे हलका लाकडी नांगरच सोयीचा. काळ्या रानात जो नांगर पहिला आला, तोच तळेघरच्या चिखलात शेवटचा आला असता. आजा हट्टी नव्हता, त्याने त्याच्या रानासाठी बरोबर निवड केली होती. हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

म्हणून कुठलं डिझाइन चांगलं, हा प्रश्नच अर्धा आहे. कुणासाठी, कुठे आणि कुठल्या कामासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

माळरानावर उभी राहिलेली वाडी

नांगर हळूहळू खपायला लागले. एकाच्या रानात फरक दिसला की शेजारचा बांधावरून बघतो, शेतीत असंच चालतं. पण तेवढ्यात दुसरं संकट आलं. बेळगावात नवी वस्ती वसवायची ठरली आणि त्यासाठी किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडायला लागली.

तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठीही ओळखले जातात. त्यांनी लक्ष्मणरावांना जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही मिळवून दिलं. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट.

१९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येतं आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी आहे. वाडी वसवायचं बरंचसं काम रामूअण्णांनी सांभाळलं. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. त्या काळात या गोष्टी सोप्या नव्हत्या.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल यायचा थांबला. कच्च्या मालाची चणचण इथेही होती, पण देशी नांगराला मागणी वाढली. नंतर पंप आले, पुढच्या पिढीत इंजिनं आणि मोटारी आल्या. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून परतला आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२० साली वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक निघालं. ते काम पुतणे शंकरराव किर्लोस्कर बघायचे. कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं ते पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून मराठी घराघरांत गेलं. वस्तू विकली म्हणजे नातं संपलं असं या लोकांनी मानलं नाही. आज कंपन्या अपडेट नोट्स आणि न्यूजलेटर पाठवतात, तेव्हा हेच तर करतात.

सगळंच गोड झालं असं नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीतल्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

ए/बी टेस्टचं मूळही शेतातच!

आता एक गंमत. ए/बी टेस्टिंग ही मोबाईल कंपन्यांची आयडिया आहे असं आपल्याला वाटतं. पण त्यामागचं गणित शेतात तयार झालं.

इंग्लंडमध्ये रोदमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. १९१९ साली तिथे रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ आला. कुठलं खत चांगलं, कुठलं बियाणं चांगलं, हे ठरवायचं होतं. अडचण अशी की एका शेतातसुद्धा जमीन सारखी नसते. वरच्या बाजूला मुरूम, खाली ओल. नवं खत नेमकं चांगल्या तुकड्यात पडलं तर पीक जास्त येईल, पण श्रेय खताला जाईल.

फिशरने काय केलं? शेताचे छोटे तुकडे पाडले आणि कुठल्या तुकड्यात काय टाकायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. मग दोन्ही बाजूंना चांगली-वाईट जमीन साधारण सारखी वाटली जाते आणि उरलेला फरक खताचा धरता येतो. १९२५ आणि १९३५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकांनी ही पद्धत जगभर पोचवली.

तुमच्या फोनवर तेच होतं. फक्त जमिनीच्या तुकड्याच्या जागी तुम्ही आहात आणि खताच्या जागी बटन आहे. गूगलने एकदा लिंकसाठी निळ्या रंगाच्या ४१ छटा तपासल्या होत्या, त्यामागेही हीच पद्धत.

दोन प्रकार, गोंधळ करू नका

कन्सेप्ट टेस्ट ही वस्तू बनवायच्या आधी करतात. कागदावरचं चित्र किंवा कच्चा नमुना दाखवायचा आणि कुठली दिशा बरोबर आहे ते बघायचं. इथे लाकडी की लोखंडी, असा मोठा फरक तपासतात. थोडी माणसं असली तरी चालतं, पण प्रत्येकाजवळ बसून नीट बघावं लागतं.

ए/बी टेस्ट ही वस्तू वापरात आल्यावर करतात. युजर्सचे दोन गट नशिबावर पाडायचे, प्रत्येकाला एकच डिझाइन द्यायचं आणि कोण काय करतं ते मोजायचं. फाळाचं टोक थोडं वर की थोडं खाली, असा छोटा फरक यात तपासतात. फरक जितका छोटा, तितके जास्त युजर लागतात. शंभर माणसांवर बटनाचा रंग तपासून काहीही सिद्ध होत नाही.

माझी चूक काय होती ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मी कन्सेप्ट टेस्ट केली, पण फक्त आवड विचारली. गावातला पोरगा काहीतरी बनवून आलाय, त्याचं मन कोण मोडणार? लोक प्रेमाने छान म्हणतात. वर मी थांब्यावर विचारलं, जिथे रेंज फुल होती. हिरडा मात्र रानात असतो.

दुसऱ्यांदा टेस्ट केली तेव्हा

पुढच्या हंगामाआधी मी पुन्हा गेलो. संस्थेने पुढचे पैसे दिले नव्हते, पण मावशीचं तोंड चुकवून गावात फिरणं मला जमत नव्हतं. या वेळी मी पाच गोष्टी बदलल्या.

१. आवडलं का, असं विचारलंच नाही. एक काम दिलं, आजचा बाळहिरड्याचा भाव शोधून मला सांगा. मग गप्प बसून बघितलं.

२. टेस्ट थांब्यावर केली नाही. जिथे हिरडा वाळत घालतात त्या अंगणात केली, रेंज जशी असेल तशी.

३. निम्म्या लोकांना साधं डिझाइन आधी दिलं आणि निम्म्यांना फोटोवालं. नाहीतर जे आधी बघितलं त्याची सवय होते आणि दुसरं उगाच अवघड वाटतं.

४. माणसं निवडताना वेगवेगळी घेतली. म्हातारे, बायका, मराठी अडखळत वाचणारे, आणि ते मामासुद्धा.

५. चुकलं तर काय होईल, हे प्रत्येकाला विचारलं. उत्तर सगळ्यांचं जवळपास एकच होतं. जुना भाव नवा म्हणून दिसायला नको.

निकाल असा लागला की दोन्ही डिझाइन नापास! साधं पान लगेच उघडायचं, पण काहींना ओळ सापडायची नाही. फोटोवालं समजायचं, पण उघडायचंच नाही. शेवटी तिसरंच बनवलं. साधं पान, प्रत्येक ओळीआधी एक छोटंसं चित्र, वाढ-घटीसाठी बाण, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात भाव कुठल्या तारखेचा आहे ते. दोन दिवसांपेक्षा जुना झाला की आकडा दिसतच नाही, विचारून घ्या असं लिहून येतं.

हे शेवटचं मावशीने सुचवलं. टेस्टसाठी सगळ्यात आधी मी तिच्याच घरी गेलो होतो. तिने आधी चहा दिला, मग फोन हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न तारखेचा विचारला. जे मला बारा जणांना विचारून कळलं नव्हतं, ते नुकसान सोसलेल्या एका बाईने अर्ध्या मिनिटात दाखवलं.

तुम्ही कधी काही बनवणार असाल, ॲप असो, दुकानाची पाटी असो की कॉलेजच्या गॅदरिंगचं पोस्टर, तर दोन नमुने नक्की करा. पण ते दाखवून मतं गोळा करू नका. माणसाच्या हातात द्या, त्याच्या जागेवर द्या, त्याचं खरं काम करू द्या. आणि त्याने नाकारलं तर त्याला अडाणी ठरवायच्या आधी त्याचं काय पणाला लागलंय ते बघा.

मावशी या हंगामात ॲप उघडते की नाही ते मी तिला विचारलेलं नाही. आता मी फक्त बघतो.